बालदिन कुणाचा?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मुंबईच्या उपनगरांतील बालगृहांच्या दाराशी वर्दळ सुरू होते. शाळांचे वर्ग येतात, गृहनिर्माण संस्थांची मंडळे येतात, बँकांचे आणि कंपन्यांचे कर्मचारी येतात. महिला मंडळे येतात, युवक मंडळे येतात. सोबत खाऊचे पुडे, वह्यांचे गठ्ठे, फुगे आणि एक भला मोठा केक असतो. भिंतीवर पाहुण्या संस्थेच्या नावाचा फलक लागतो. मुले रांगेत बसतात, टाळ्यांनी स्वागत करतात, पाठ केलेले गीत म्हणतात, खाऊ घेतात आणि छायाचित्रासाठी पुन्हा रांगेत उभी राहतात. तास-दीड तासाने पाहुणे तृप्त मनाने परततात. दुपारी दुसरा गट येतो. पुन्हा टाळ्या, पुन्हा तेच गीत, पुन्हा केक. १५ नोव्हेंबरला मात्र दाराशी कुणी नसते.

या भेटींमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या घरात सुख आहे, त्यातील चतकोर दुसऱ्याला द्यावा, ही भावना सात्त्विकच आहे. तरीही एक प्रश्न प्रत्येक सुजाण कुटुंबाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारला पाहिजे. बालगृहात साजरा होणारा हा बालदिन नेमका कुणाचा असतो? तेथील मुलांचा, की तेथे जाऊन आल्याचे समाधान मिळवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा?

रीत जुनी, वस्ती नवी

खारच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेने वसलेला खारदांडा हा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. या वस्तीने मूल वाढवण्याची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. घरधनी होडीवर, घरधनीण मासळीची पाटी घेऊन बाजारात, अशा घरातील मूल दिवसभर एकट्या आईचे नसतेच. ते आजीचे असते, काकूचे असते, शेजारणीचे असते. त्याने कुठल्या घरात भाकरी खाल्ली आणि कुठल्या ओटीवर झोप काढली, याचा हिशेब ठेवण्याची गरज कुणालाच वाटत नाही. दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही, तर त्याच्या लेकरांना उचलून घेणारे हात नात्यात आणि पाड्यातच असत. ‘अनाथ’ हा शब्द अशा वस्तीत सहजासहजी उच्चारला जात नसे, कारण मुलाचा नाथ होण्याची जबाबदारी एकट्या बापावर नव्हती, ती साऱ्या वाड्याची होती.

आज त्याच दांड्याच्या भोवती दोन निराळी जगे उभी आहेत. एकीकडे उंच इमारती, जेथे शेजाऱ्याचे नाव दारावरील पाटीपुरतेच ठाऊक असते. दुसरीकडे पोटासाठी देशाच्या नाना भागांतून आलेल्या कुटुंबांच्या दाटीवाटीच्या वस्त्या, जेथे आजी गावी राहिली, काका दुसऱ्या शहरात गेला आणि आई-बाप दोघेही पहाटेपासून कामावर. अशा घरातील बाप अपघाताने किंवा आजाराने गेला, किंवा व्यसनाने असून नसल्यासारखा झाला, तर त्या आईसमोर पर्याय तरी कोणते उरतात? चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईने आठ वर्षांची मुलगी दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायची? शेवटी ती मुलीचा हात धरून बालकल्याण समितीपुढे उभी राहते आणि मुलगी बालगृहात दाखल होते.

बालदिनाच्या पाहुण्यांना ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. बालगृहातील सगळी मुले अनाथ असतात, हा मोठाच गैरसमज आहे. कित्येकांची आई हयात असते, कित्येकांचे वडील असतात, कुणाची भावंडे दुसऱ्या संस्थेत असतात. कुणी घरातील मारहाणीला कंटाळून गाडीत बसून मुंबईच्या स्थानकावर उतरलेले असते. या मुलांना तेथे आणून सोडते ती प्रामुख्याने गरिबी आणि आधाराला कुणी नसणे. केक कापून झाल्यावर ज्या मुलीला “तुझे आई-बाबा कुठे असतात गं?” असे कौतुकाने विचारले जाते, तिची आई कदाचित त्याच पाहुण्यांच्या इमारतीत भांडी घासत असते.

छायाचित्रातील चेहरा

या भेटींतील एक प्रसंग वरकरणी साधा, पण मुलाच्या मनावर ओरखडा उमटवणारा असतो. पालक आपल्या मुलाला मुद्दाम सोबत आणतात आणि त्याला सांगतात, “बघ, या मुलांना काहीच मिळत नाही. तू किती नशीबवान आहेस!” आपल्या मुलावर संस्कार व्हावा, हा त्यांचा हेतू. परंतु हे वाक्य समोर बसलेली मुलेही ऐकत असतात. एका मुलाला कृतज्ञता शिकवण्यासाठी दुसऱ्या मुलाच्या दुःखाचा फळा करावा, हा संस्कार कसा म्हणायचा? जे मूल दरवर्षी अशा चार गटांपुढे उभे राहते, ते हळूहळू एक धडा शिकते : आपले दुःख दाखवले की खाऊ मिळतो. दीनपणाचा असा सराव ज्याला लहानपणी झाला, त्याला पुढे स्वाभिमानाने उभे करणे किती कठीण असते, हे बालगृहांतील जाणते अधीक्षक आणि गृहमाता चांगले जाणतात.

छायाचित्रांचा प्रश्न तर केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्रातून वा अन्य कोणत्याही संपर्कमाध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. असे असताना दर १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मुलांच्या चेहऱ्यांसह, बालगृहाच्या नावासह छायाचित्रे हातोहाती भ्रमणध्वनीवरून फिरू लागतात. कायदा मोडल्याची जाणीवही पाठवणाऱ्याला नसते. त्या छायाचित्रातील मुलगी उद्या महाविद्यालयात जाईल, नोकरीला लागेल, तिचा विवाह ठरेल. बालगृहात वाढल्याचे कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हा निर्णय तिचा आहे. तो अधिकार तिच्याकडून एका फोटोने हिरावला जातो. आपल्या स्वतःच्या मुलीचे छायाचित्र अनोळखी माणसांनी असे वाटले असते, तर कोणत्या पालकाने ते सहन केले असते?

इतिहासाची साक्ष

महाराष्ट्राला या कार्याची परंपरा नवी नाही. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या विधवांना तेथे निर्धास्तपणे बाळंत होता येत असे. पण हे दांपत्य तेवढ्यावर थांबले नाही. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी स्वतःच्या घरात वाढवले, दत्तक घेतले, त्याला यशवंत हे नाव दिले आणि डॉक्टर केले. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती न्यायाधिकाऱ्याच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. यात्रेच्या गावी टाकून दिलेल्या अर्भकांना तेथे छप्पर मिळाले. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तेथील विधवांना समाज ओझे मानत होता. अण्णांनी त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली.

मुंबईचा इतिहासही बोलका आहे. माहीमच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेची मुळे १८५७ पर्यंत मागे जातात. १९२४ साली पश्चिम रेल्वेच्या मार्गावर खार रोड स्थानक सुरू झाले आणि दांड्याच्या शेजारी एक नवे उपनगर आकार घेऊ लागले. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा बालक अधिनियम संमत झाला. मूल हे लहान आकाराचा गुन्हेगार नसून त्याला निराळे न्यायालय, निराळा निवारा आणि निराळी वागणूक हवी, हे तत्त्व त्यामागे होते. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दचे बालगृह ही तिची कार्यस्थाने मुंबईकरांच्या परिचयाची आहेत.

या साऱ्या प्रयत्नांतून एक सूत्र निघते. ज्यांनी या क्षेत्रात काही उभे केले, ते भेट देऊन परतले नाहीत. त्यांनी मुलांशी नाते जोडले आणि ते निभावले. अलीकडच्या काळातही हेच दिसते. सिंधुताई सपकाळ शेकडो मुलांच्या माई झाल्या त्या एखाद्या समारंभाने नव्हे. स्वतः निराधार होऊन रस्त्यावर आलेल्या या बाईने रोजची भाकरी वाटून घेतली, तेव्हा ते मातृत्व उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी निवासी शिक्षणाचे जे काम उभे राहिले, त्यामागे गिरीश प्रभुणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पारध्यांच्या पालांवर काढलेल्या रात्री आहेत. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या कपाळीचा शिक्का पुसला गेला नव्हता, त्यांच्या मुलांना आधी माणसांवर विश्वास ठेवायला शिकवावे लागले. २०२१ च्या पद्मश्री सन्मानांत सिंधुताई आणि प्रभुणे ही दोन्ही नावे एकत्र होती, हा योग अर्थपूर्ण आहे.

चार भावंडांचा प्रश्न

हिंदू समाजाने या विषयात स्वतःकडे प्रांजळपणे पाहण्याची गरज आहे. आपण अभिमानाने सांगतो की आपली संस्कृती मातृत्वाला रक्तापुरते मर्यादित करीत नाही. देवकीने जन्म दिलेला कृष्ण यशोदेचा झाला. नांगराच्या तासात सापडलेली कन्या जनकाने राजकन्या म्हणून वाढवली. कण्वांच्या आश्रमात शकुंतला लेकीसारखी वाढली. हे सारे खरेच आहे. पण त्याच परंपरेत आळंदीची चार भावंडेही आहेत.

विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आले, म्हणून समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार लेकरे उघडी पडली. परंपरेने जपलेली ही कथा प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. आपण ती ज्ञानदेवांच्या थोरवीसाठी सांगतो. त्या कथेतील समाजाकडे मात्र आपण सहसा पाहत नाही. त्या मुलांना अनाथ केले ते दैवाने नव्हे. धर्माच्या नावाने दार लावून घेणाऱ्या सज्जन, सुशिक्षित, प्रतिष्ठित मंडळींनी केले. ज्यांनी त्यांना भिक्षा नाकारली, त्यांच्याच वंशजांनी पुढे त्यांच्या पालख्या खांद्यावर घेतल्या. आज कुणाच्या लेकरांना आपण असे दाराबाहेर ठेवले आहे, हा प्रश्न ज्या समाजाला पडत नाही, त्याला माउलींचे नाव घेण्याचा अधिकार कितपत उरतो?

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि ती या देशाला ठाऊक असलेल्या घरांतीलच आहेत. भगूरच्या सावरकर भावंडांची आई १८९२ साली पटकीने गेली आणि वडील १८९९ साली प्लेगने. थोरले बंधू बाबाराव आणि येसूवहिनी, स्वतःच अल्पवयीन म्हणावेत अशा वयात, धाकट्यांचे आई-बाप झाले. १९०२ साली नागपुरात प्लेगने एकाच दिवशी आई-वडील नेले, तेव्हा केशव हेडगेवार तेरा वर्षांचे होते. थोरले भाऊ, नातलग आणि पुढे गावातील वडीलधारे यांच्या आधाराने ते शिकले, कोलकात्याला जाऊन डॉक्टर झाले. या मुलांच्या भोवती नात्याची आणि वस्तीची फळी नसती, तर ती कुठे गेली असती? प्लेगने त्या काळात हजारो घरे उजाड केली. ज्यांच्यामागे अशी फळी नव्हती त्या मुलांची नावे इतिहासाला ठाऊकही नाहीत.

दार उघडे कुणासाठी?

आजचा कायदा नेमके हेच सांगतो. २०१५ च्या अधिनियमातील मूलतत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा आणि प्रत्येक मुलाला शक्य तितक्या लवकर आपल्या कुटुंबात परतण्याचा अधिकार आहे. कुटुंब नसेल, तर दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब. आई एकटी असेल, तर तिलाच आधार देऊन मूल घरी राहील असे पाहणे. महाराष्ट्रात यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत पात्र मुलाच्या संगोपनासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे आणि शहरी भागात त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६ हजार रुपये आहे. कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली केंद्राने आणि राज्याने ठेवींच्या योजना आणल्या, ही जाणही स्वागतार्ह होती.

पण योजना आणि झोपडी यांच्या मधे कागदांचा एक डोंगर उभा असतो. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, शिधापत्रिका, मुलाचे बँक खाते, शाळेचा दाखला. दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयांच्या फेऱ्या मारणे ज्या बाईला परवडत नाही, तिच्यासाठी ती योजना नसल्यासारखीच. येथे सुशिक्षित मध्यमवर्गाची खरी गरज आहे. बँकेत नोकरी करणारा, शाळेत शिकवणारा, सरकारी कचेरीची भाषा जाणणारा एक माणूस तीन दिवस तिच्यासोबत फिरला, तर एक मूल बालगृहाची पायरी न चढता आईच्या कुशीत राहू शकते. त्याचे छायाचित्र निघणार नाही, पण तो खरा बालदिन असेल.

दत्तकाची स्थितीही विचार करायला लावणारी आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ साली सादर केलेल्या अहवालानुसार डिसेंबर २०२१ मध्ये देशात २७,९३९ इच्छुक पालक नोंदणी करून प्रतीक्षेत होते. अनाथ, टाकलेली किंवा पालकांनी स्वाधीन केलेली ६,९९६ मुले संस्थांत होती आणि त्यांपैकी केवळ २,४३० मुले दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त ठरली होती. एका बाजूला रिकामे पाळणे, दुसऱ्या बाजूला आईविना लेकरे, आणि मधे कागदपत्रांची संथ वाट. त्यातही पाळण्यातील बाळाला रांग असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला, दोघा भावंडांना किंवा अपंग बालकाला घर मिळणे फार दुर्घट. गोरे, निरोगी, तान्हे, आणि कुळ-गोत्राची शंका न येणारे मूल हवे, असा आग्रह धरणाऱ्या घराने यशोदेचे गोडवे गाऊ नयेत. तिने कृष्णाचा रंग पाहिला नव्हता.

अठराव्या वाढदिवशी

बालगृहातील मुलाच्या आयुष्यात एक वाढदिवस असा येतो, ज्या दिवशी केक घेऊन कुणी येत नाही. तो अठरावा. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो बालक राहत नाही. आपल्या घरांतील अठरा वर्षांच्या मुलाला अजून सकाळी उठवावे लागते, महाविद्यालयाचे शुल्क भरावे लागते, परीक्षेच्या रात्री दूध गरम करून द्यावे लागते. त्याच वयाच्या या मुलाला मात्र एक पिशवी आणि काही कागद घेऊन जगाशी दोन हात करायचे असतात. अधिनियमात अनुरक्षणाची तरतूद आहे. २१ व्या वर्षापर्यंत आणि विशेष परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत आधार देता येतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला, हे पाऊल मोलाचे होते. तथापि भाड्याची खोली मिळवताना जामीन कोण राहणार, मुलाखतीला जाताना कपड्यांना इस्त्री कोण करून देणार, आजारात रुग्णालयात शेजारी कोण बसणार आणि लग्नात मांडवात उभे कोण राहणार, याची तरतूद कुठल्याही शासन निर्णयात होऊ शकत नाही. ती घरांनीच करायची असते.

यावर काही जण म्हणतील की काहीच न करण्यापेक्षा वर्षातून एकदा जाणे काय वाईट? शिवाय अशा भेटींतून संस्थांना देणग्या मिळतात. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. बालगृहांना पैशांची गरज असते आणि ती चालवणारी माणसे अल्प मानधनावर राबत असतात. परंतु देणगी द्यायची, तर ती संस्थेला विचारून द्यावी. पाचशे वह्या आणि चाळीस केक एकाच आठवड्यात येण्यापेक्षा कुणाचा चष्मा, कुणाची दातांची तपासणी, दहावीच्या मुलाची गणिताची शिकवणी किंवा संगणकाच्या अभ्यासक्रमाचे शुल्क यांना ते पैसे लागले, तर त्यांचे चीज होते. आणि ‘काहीच न करण्यापेक्षा’ ही फूटपट्टी आपण आपल्या मुलांसाठी कधी वापरतो का?

कार्यकर्त्यांनी तर आणखी एक भेद ध्यानी ठेवायला हवा. उपक्रम वेगळा आणि कार्य वेगळे. उपक्रमाला दिनांक, उपस्थिती आणि वृत्त असते. कार्याला सातत्य लागते आणि त्याचा हिशेब वर्षांत होतो. एखाद्या नगरातील पाच कुटुंबांनी ठरवले की महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार एका बालगृहासाठी राखून ठेवायचा, अधीक्षकांची रीतसर अनुमती घ्यायची, भ्रमणध्वनी दाराशी ठेवायचे, भाषण करायचे नाही, पाच मुलांना पाच वर्षे अभ्यासात साथ द्यायची, तर त्यातून घडणारे नाते शंभर समारंभांहून मोठे असेल. ज्या कुटुंबाला एवढे सातत्य जमणार नसेल, त्याने नाते जोडण्याचा देखावा न केलेला बरा. आधीच एकदा सोडून दिलेल्या मुलाला पुन्हा सोडून जाणारे माणूस भेटणे, याहून क्रूर काही नाही. शक्य तेथे मुलांनाच बालगृहाबाहेर येऊ द्यावे. मैदानावर खो-खोच्या संघात ती सवंगडी म्हणून असावीत. नारळी पौर्णिमेला दांड्याच्या किनाऱ्यावर, गणेशोत्सवात मंडपात, ती पाहुणी न वाटता गर्दीतलीच वाटावीत. आपल्या मुलावर संस्कार करायचाच, तर तो अशा खेळातून होतो. बरोबरीने धावणाऱ्या आणि कधी आपल्याला हरवणाऱ्या मित्राची कीव येत नाही, त्याचा आदर वाटतो.

तिथी कोणतीही असो

बालदिन कोणत्या तारखेला असावा, यावर आपल्याकडे वाद होतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९५४ साली जागतिक बालदिनाची कल्पना मांडली आणि पुढे २० नोव्हेंबर ही तारीख जगभर रूढ झाली. भारतात पं. नेहरूंच्या जन्मदिनी, १४ नोव्हेंबरला, बालदिन साजरा होतो आणि १९६४ साली त्यांच्या निधनानंतर ही प्रथा दृढ झाली. २०२२ पासून २६ डिसेंबर हा वीर बाल दिवस म्हणून पाळला जातो. गुरू गोविंदसिंगांचे धाकटे पुत्र, साहिबजादे जोरावरसिंग आणि फतेहसिंग, यांच्या बलिदानाचे ते स्मरण आहे. नऊ आणि सहा वर्षांची ती बालके धर्म सोडायला तयार झाली नाहीत, म्हणून सरहिंदच्या नवाबाने त्यांना भिंतीत चिणले.

त्या कथेत शीख परंपरेने आणखी एका माणसाचे नाव आदराने जपले आहे. मोतीराम मेहरा. सरहिंदच्या थंड बुरुजात आजी माता गुजरी आणि ती दोन नातवंडे कडाक्याच्या थंडीत उपाशी कोंडलेली असताना या साध्या सेवकाने रात्री गुपचूप त्यांच्यापर्यंत दूध पोहोचवले. पकडले गेल्यास काय होईल, हे तो जाणत होता, आणि परंपरा सांगते की पुढे त्याच्या कुटुंबाला त्याची भयंकर किंमत मोजावी लागली. मुलांचे शौर्य वंदनीय आहेच. मोठ्यांनी त्या दिवशी स्मरावे ते या मेहराला. मुले वीर व्हावीत अशी अपेक्षा करणाऱ्या समाजात त्यांना वेळेवर दूध पोहोचवणारी माणसेही असावी लागतात.

तेव्हा येत्या १४ नोव्हेंबरला केकची मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक घराने आपल्याच वस्तीत एक फेरी मारावी. गेल्या वर्षभरात कोणत्या घरातील कर्ता माणूस गेला, कोणती आई मुलांना घेऊन एकटी पडली, कोणते मूल अचानक शाळेत येईनासे झाले, याची विचारपूस करावी. दहा घरांमागे एखादे तरी असे घर दिसले, तर तिचा अर्ज भरून द्यावा, तिच्यासोबत कचेरीत जावे, ती कामावर असताना तिचे मूल कुणाच्या घरी अभ्यासाला बसेल हे ठरवावे. संकटात सापडलेले मूल दिसले, तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. तो १९९६ साली याच मुंबईत सुरू झाला आणि आज देशभर चालतो. खारदांड्याच्या जुन्या कोळणींना यासाठी कोणताही दिनविशेष लागला नव्हता. शेजारचे पोर उपाशी दिसले की त्या आपल्या लेकरांच्या पंगतीत त्याच्यासाठी एक पाट मांडीत. तेवढा पाट आपल्या घरांत मांडला गेला, तर बालगृहात जाऊन साजरा करायच्या बालदिनाची गरज हळूहळू कमी होत जाईल, आणि कोणत्याही बालगृहाला त्याचा आनंदच वाटेल.